पाणबुड्याची साधने : बीडच्या पाण्यासंबंधी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, आणि ज्या वर्षी पाऊस हात आखडता घेतो त्या वर्षी नद्यांनाही पाणी नसते. तेव्हा पाण्याखाली उतरण्याच्या साधनांची चर्चा ही कोकणपट्टीची किंवा परदेशातील हौशी लोकांची बाब होय, अशी समजूत येथील जाणत्या मंडळींतही रूढ झाली असल्यास नवल नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. सिंदफणेवरील माजलगावचे धरण, मांजरेवरील धनेगावचे धरण, बिंदुसरेचा तलाव आणि शिवारोशिवारी खणलेल्या साठ-सत्तर फुटी विहिरी, एवढ्या पाण्यात माणसे बुडतात, आणि बुडालेल्यास शोधण्यासाठी कोणाला तरी तळ गाठावा लागतो. २०२२ च्या सप्टेंबरात माजलगावच्या धरणात बुडालेल्या एका गृहस्थाचा शोध चालू असता, कोल्हापूरहून आलेल्या पथकातील एका जवानाला आपला प्राण गमवावा लागला. शिकलेला, सरावलेला आणि साधनांनिशी उतरलेला माणूस जेथे परत येत नाही, तेथे साधनांच्या निवडीचा प्रश्न दुय्यम मानणे हे मला अक्षम्य वाटते.

सर्वांत दृढमूल गैरसमज पाठीवरच्या नळकांड्यासंबंधी आहे. वर्तमानपत्रांतून, पंचनाम्यांतून आणि काठावरच्या गर्दीच्या तोंडून त्यात ऑक्सिजन भरलेला असतो असे आपण नित्य ऐकतो. प्रत्यक्षात त्यात आपण काठावर उभे राहून घेतो तीच हवा, गाळून, कोरडी करून आणि वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाबाखाली भरलेली असते. हा भेद केवळ पंडिती नव्हे, कारण शुद्ध ऑक्सिजन सहा मीटर खोलीच्या खाली मज्जासंस्थेला विषवत होतो, अंगाला झटके येतात, आणि पाण्यात झटका आलेल्या माणसाच्या तोंडातील नळी सुटली म्हणजे तो बुडालाच. उत्साहाच्या भरात रुग्णालयातील किंवा जोडकामाच्या दुकानातील नळकांडे पैदा करून विहिरीत उतरण्याचा विचार बोलून दाखविणारे लोक आहेत; त्यांना हे कोणीतरी वेळीच आणि स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. त्याच समजुतीची दुसरी बाजू अशी की, ऑक्सिजनचे प्रमाण वाढविलेले मिश्रण अधिक खोल नेते. ते मिश्रण उलट कमी खोलीपुरतेच सुरक्षित असते : बत्तीस टक्के ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाची प्रचलित मर्यादा सुमारे ३३ मीटर आहे, आणि त्याचा लाभ एवढाच की रक्तात विरघळणारा नायट्रोजन कमी होतो. फार खोल जाणारे पाणबुडे हेलियम मिसळतात, कारण तीस मीटरांच्या सुमारास नायट्रोजनची गुंगी चढू लागते. पण तो खर्च आणि ते शास्त्र आपल्या विहिरींसाठी नव्हे.

नळकांडे मोठे म्हणजे वेळ पुष्कळ, हा हिशेबही तपासून पाहावा. बारा लिटरच्या नळकांड्यात दोनशे बारच्या दाबाने चोवीसशे लिटर हवा मावते. शांतपणे काम करणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरले, तर वीस मीटर खोलीवर दाब तिप्पट झाल्यामुळे त्याला साठ लिटर लागतात, म्हणजे सारी हवा चाळीस मिनिटांत संपते. आणि जाळ्यात पाय अडकून तो घाबरला की श्वास दुपटीने वाढून त्या चाळिसाची वीस होतात. म्हणूनच गुहांतून फिरणाऱ्या पाणबुड्यांनी असा शिरस्ता घातला आहे की, एक तृतीयांश हवा आत जाण्यास, एक तृतीयांश परतण्यास आणि उरलेली तृतीयांश अडचणीसाठी अथवा सोबत्यासाठी राखून ठेवावी. या हिशेबाने आपल्या चाळीस मिनिटांतली आत जाण्याची मिनिटे तेराच ठरतात. शेक एक्सली या अमेरिकन गुहापाणबुड्याने १९७९ साली गुहांतील अपघातांची छाननी करून एक पुस्तिका लिहिली, आणि अखंड मार्गदर्शक दोरी व तृतीयांशाचा नियम या गोष्टी त्यानंतर त्या क्षेत्रात जणू कायद्याप्रमाणे मानल्या गेल्या.

गुहा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय किंवा परदेश येतो, आणि हा तिसरा गैरसमज. पाणबुड्याच्या दृष्टीने डोक्यावर छत आहे, सरळ वर येता येत नाही, एवढे पुरे. त्या अर्थी बीड शहराजवळची खजाना विहीर हे गुहेचेच स्थान आहे. मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत, सोळाव्या शतकात, जहागीरदार सलाबतखानाने ती बांधविली, आणि तिच्या पोटातून भुयारी जलमार्ग गेलेले आहेत : पाणी आणणारे आणि शेतीकडे नेणारे. अशा मार्गात तोंड घातले की उघड्या पाण्याचे शिक्षण निरुपयोगी ठरते, मग शिकणाऱ्याजवळ कोणताही दाखला असो. पहिल्या पायरीचा दाखला तर अठरा मीटरांपर्यंत आणि उघड्या पाण्यापुरताच असतो. भुयारात जाणाऱ्याच्या साधनांचा मूळ विचार एकच आहे : ज्या वस्तूवाचून जीव जाईल, ती दोन पाहिजे. म्हणून हवेचे दोन स्वतंत्र स्रोत, दोन दाबनियंत्रक, एक मुख्य व दोन राखीव असे तीन दिवे, आणि दोरी. नळकांडी पाठीऐवजी दोन्ही कुशींस बांधण्याची पद्धत अरुंद जागेसाठीच निघाली, आणि तिचा मोठा फायदा हा की दोन्हींच्या झडपा डोळ्यांसमोर, हाताच्या आटोक्यात राहतात.

दिव्यासंबंधी मात्र एक अपवाद नोंदविला पाहिजे. पावसाळ्यानंतरच्या माजलगावात किंवा गाळाने भरलेल्या विहिरीत प्रखर दिवा हा धुक्यात लावलेल्या मोटारीच्या दिव्यासारखा आहे. त्याचा उजेड गाळाच्या कणांवरून परतून डोळ्यांतच येतो. तेथे हातात दोरी, आणि ती काठावरच्या जाणत्या माणसाच्या हाती गेलेली, हेच पाहण्याचे साधन. एक ओढ म्हणजे काय, दोन म्हणजे काय, हे उतरण्यापूर्वी ठरलेले असावे.

आता जाळ्यांकडे येतो, कारण आमच्या धरणांत खरा शत्रू तोच आहे. मासेमारीसाठी सोडलेली आणि तुटून तळाशी राहिलेली तंगूसाची जाळी पाण्यात दिसत नाहीत. पाठीवरच्या नळकांड्याची झडप, पायातल्या पंखांचे पट्टे, मोकळ्या लोंबणाऱ्या नळ्या, मुखवट्याला खोचलेली श्वासनळी, यांपैकी जे बाहेर आलेले असेल ते प्रथम अडकते. पोटरीला बांधलेला भलामोठा सुरा म्हणजे पाणबुडा, ही चित्रपटांनी रुजविलेली प्रतिमा आहे; पण अडकलेला माणूस वाकून पोटरीपर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि ढिला तंगूस सुऱ्याने नीट कापलाही जात नाही. कापण्याची दोन हत्यारे असावीत, दोन्ही छातीवर किंवा मनगटाशी, कोणत्याही एका हाताला लागतील अशी, आणि त्यांपैकी एक रुग्णवाहिकेत असते तशी बळकट कात्री असावी. ही दोन्ही मिळून साऱ्या संचाच्या किमतीचा नगण्य भाग होतात. तरीही मागणीपत्रकात ती शेवटी येतात, हे मनाला लागते.

थंडीच्या बाबतीत समजुती दोन टोकांच्या आहेत. एक पक्ष म्हणतो, बीडच्या उन्हात पाण्यात पोशाख कशाला. दुसरा पक्ष परदेशी यादीतला हिमजलाचा दाबनियंत्रक मागवतो. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते, त्यामुळे पंचवीस अंशांच्या विहिरीत तासभर काम करणारा माणूसही गारठतो, आणि गारठलेल्या बोटांना गाठ सुटत नाही. रबरी फेसाचा पोशाख येथे पुरेसा उबदार आहे. हिमजलाच्या दाबनियंत्रकाची गरज दहा अंशांखालच्या पाण्यात लागते, कारण प्रसरण पावणारी हवा यंत्राला इतके थंड करते की आत बर्फ धरून झडप उघडीच राहते आणि हवा धो-धो वाहून जाते. बीडमध्ये त्या भयाला जागा नाही. मात्र त्या यंत्रातील बंदिस्त पडदा गाळालाही आत येऊ देत नाही, म्हणून त्याची निवड दुसऱ्या कारणाने योग्य ठरू शकते. संपूर्ण कोरड्या पोशाखाचेही तसेच आहे : चार दिवसांनी मृतदेह शोधावयाचा, सांडपाणी मिसळलेले, अशा पाण्यात तो उबेसाठी नव्हे, रोगापासून बचावासाठी लागतो, आणि त्यासोबत सारा चेहरा झाकणारा मुखवटाही. पण त्याचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते, कारण पायांत हवा चढली तर माणूस उलटा होतो.

आमच्याकडचे पुष्कळसे तरुण हे शास्त्र सिंधुदुर्गातील तारकर्ली येथील पर्यटन महामंडळाच्या संस्थेत किंवा किनाऱ्यावर इतरत्र शिकून येतात. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून अडीच टक्क्यांनी जड असल्यामुळे तेथे कमरेला जितके शिसे बांधले, तितकेच बांधून धरणात उतरणारा माणूस साधारण दोन-अडीच किलोंनी जास्त जड होतो आणि थेट गाळात जाऊन बसतो. शिवाय बीडचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांच्या आसपास आहे, आणि तीनशे मीटरांहून अधिक उंचीवर पाण्यातून वर येण्याचे तक्ते बदलतात. काठावरचा हवेचा दाब कमी असल्याने रक्तातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघण्याची शक्यता वाढते. मनगटावरील गणकयंत्र उंची ओळखणारे असावे, अथवा तशी नोंद त्यात करता यावी.

या सर्वांहून महत्त्वाचे असे माझे मत एक आहे, आणि ते मी साधनविक्रेत्यांना न आवडेल अशा शब्दांत मांडतो : विहिरीसाठी पाठीवरचे नळकांडे ही मुळात दुय्यम निवड आहे. काठावरून नळीने हवा पुरवावी, त्याच नळीसोबत बोलण्याची तार आणि दोरी असावी, पाठीवर लहानसे राखीव नळकांडे केवळ संकटासाठी असावे; अशा माणसाची हवा तेरा मिनिटांत मोजावी लागत नाही, तो काठावर बोलू शकतो, आणि त्याला ओढून काढता येते. बंद विहिरीत पाण्यावर साचणारे कर्बवायू व गटारी वायू बाहेरून दिसत नाहीत, म्हणून पाण्यावर डोके काढल्याबरोबर मुखवटा उतरवण्याची घातक सवयही या पद्धतीत सुटते.

साधनांनी सारे साधते असे मात्र नाही. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या बारा मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला जगातील निवडक गुहापाणबुड्यांनी बाहेर काढले, तरी हवेची नळकांडी पोहोचवून परतणारा माजी नौसैनिक समन कुनान त्यात मरण पावला. आणि ते काम शक्य झाले त्यात पाणी उपसण्याचाही मोठा वाटा होता, ज्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते तेथे गेले होते. विहिरीतून काही काढावयाचे असता प्रथम पंप लावून पाणी उतरवता येईल काय, हा प्रश्न तहसील कार्यालयाने पाणबुड्यास बोलावण्यापूर्वी विचारावा. पंप मात्र विजेचा असावा, आणि डिझेलचाच असल्यास काठावर वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवावा. तो विहिरीत उतरवला तर त्याच्या धुरातील विषारी वायू खालीच कोंडतो.

हीच काळजी नळकांडे भरणाऱ्या यंत्रासही लागू आहे. हवा ओढून घेणारे त्याचे तोंड इंजिनाच्या धुराड्याजवळ असेल, तर तो धूर दाबाखाली भरून पाणबुड्याच्या छातीत जातो, आणि खोलीबरोबर त्याचा प्रभाव वाढतो. निविदेत यंत्राची किंमत लिहिली जाते. गाळणीची पुडकी केव्हा बदलावीत, हवेची तपासणी कोणी करावी, नळकांड्याची दाबचाचणी दर पाच वर्षांनी कोठे व्हावी आणि त्या तारखा कोणत्या वहीत नोंदवाव्यात, हे रकाने कोरेच राहतात. खरेदीचा हुकूम निघण्यापूर्वी ते भरून घ्यावेत.