‘नॉकआऊट’ उंदीर आणि गुग्गुळ : प्रयोगाचा अर्थ कसा लावावा?

औषधनिर्मात्यांचे प्रतिनिधी आपल्या चिकित्सालयात जी माहितीपत्रके ठेवून जातात, त्यांत ‘उंदरांवरील प्रयोगांत सिद्ध’ असा उल्लेख अनेकदा आढळतो. औषधी दुकानदारही हेच वाक्य ग्राहकाला ऐकवतात. परंतु ते उंदीर कोणते, प्रयोग कोणता आणि त्यातून नेमके काय सिद्ध झाले, याचा विचार क्वचितच होतो. गेल्या काही दशकांत जनुकीय बदल केलेल्या उंदरांनी औषधसंशोधनाची पद्धतच पालटली आहे. आपल्या नित्य वापरातील गुग्गुळाचाही या उंदरांशी थेट संबंध आलेला आहे. म्हणून या विषयाचा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न.

व्यतिरेकाची कसोटी

पदार्थविज्ञानात आपण अन्वय आणि व्यतिरेक शिकलो आहोत. कारण असता कार्य होते हा अन्वय. कारण नसता कार्य होत नाही हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कार्यकारणभाव दृढ होतो. एखादे जनुक शरीरात कोणते कार्य करते, हे जाणण्यासाठी आधुनिक जीवशास्त्राने हीच युक्ती योजली. ते एकच जनुक निकामी करावयाचे, बाकी सर्व शरीर तसेच ठेवावयाचे आणि काय बिघडते ते पाहावयाचे. अशा प्राण्यास ‘नॉकआऊट’ उंदीर म्हणतात. याउलट बाहेरचे जनुक घालून तयार केलेल्या उंदरास ‘ट्रान्सजेनिक’ असे नाव आहे.

या कार्यासाठी उंदराची निवड होण्यास कारणे आहेत. त्याचा गर्भकाल सुमारे तीन आठवड्यांचा असतो व पिले दोन महिन्यांच्या आत प्रजननक्षम होतात. उंदराच्या जनुकसंचाचा आराखडा २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मनुष्याच्या बहुसंख्य जनुकांना उंदरात समांतर जनुक असल्याचे स्पष्ट झाले.

निर्मितीची पद्धत

या तंत्राचा पाया तिघांनी घातला. मार्टिन इव्हान्स यांनी मॅथ्यू कॉफमन यांच्यासह १९८१ साली केंब्रिज येथे उंदराच्या अगदी आरंभीच्या गर्भातून मूलपेशी वेगळ्या करून त्या पात्रात वाढविल्या. मारिओ कापेकी व ऑलिव्हर स्मिथीज यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करून, पेशीतील नेमक्या ठरावीक जनुकाच्या जागी प्रयोगशाळेत तयार केलेला डीएनए बसविता येतो हे दाखविले. १९८९ साली या मार्गाने घडविलेले उंदीर जन्मास आले. २००७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

पद्धतीचा क्रम थोडक्यात असा. प्रथम इच्छित जनुकाची मोडकी प्रत तयार करतात व तिच्या मध्यभागी एका प्रतिजैविकास न जुमानणारे जनुक खूण म्हणून ठेवतात. ही प्रत मूलपेशींत सोडली असता फार थोड्या पेशींत ती मूळ जनुकाच्या जागी जाऊन बसते. मग ते प्रतिजैविक घातले की बिनखुणेच्या पेशी मरतात. उरलेल्यांतून योग्य जागी बदल झालेल्या पेशी तपासून निवडतात. त्या दुसऱ्या उंदराच्या गर्भात टोचून तो गर्भ पालक मादीच्या गर्भाशयात ठेवतात. जन्मणारी पिले मिश्र पेशींची असतात. अनेकदा त्यांच्या अंगावर दोन रंगांचे पट्टे दिसतात. त्यांच्या बीजात बदल उतरला असेल, तर पुढील पिढीत एक प्रत मोडकी असलेले उंदीर मिळतात. अशा नर-मादीच्या संकरातून सरासरी चारांतील एका पिलात दोन्ही प्रती निकामी असतात. तोच नॉकआऊट उंदीर होय.

या सर्वांस वर्ष-दीड वर्ष सहज लागे. २०१३ पासून क्रिस्पर तंत्रामुळे फलित अंड्यातच बदल करता येऊ लागल्याने हा काळ पुष्कळच घटला आहे.

गुग्गुळाचे उदाहरण

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील मेदोरोगाच्या वर्णनाच्या आधारे १९६० च्या दशकात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर संशोधन केले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुलिपिड हा अर्क विकसित केला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चिकित्सा-चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल होते. मात्र गुग्गुळ मेदावर कोणत्या मार्गाने कार्य करतो, हा प्रश्न शिल्लक होता.

यकृतात एफएक्सआर नावाचे एक ग्राहक-प्रथिन असते. पित्ताम्ले त्यास चिकटली की कोलेस्टेरॉलपासून नवी पित्ताम्ले बनण्याची क्रिया मंदावते. २००२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन या ग्राहकास अडविते असे दाखविले. त्यांनी साध्या उंदरांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला. सोबत गुग्गुलस्टेरोन दिलेल्या उंदरांच्या यकृतातील कोलेस्टेरॉल कमी आढळले. एफएक्सआर जनुक निकामी केलेल्या उंदरांत मात्र गुग्गुलस्टेरोनचा हा परिणाम दिसला नाही. ग्राहक नाही तर कार्य नाही, असा हा व्यतिरेक होता.

येथेच थांबलो तर माहितीपत्रकासाठी उत्तम मजकूर मिळतो. परंतु पुढच्याच वर्षी, २००३ साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ व्यक्तींना आठ आठवडे गुग्गुलिपिड अथवा निष्क्रिय गोळी दिली होती. निष्क्रिय गोळीच्या गटात एलडीएल ५ टक्क्यांनी घटले. गुग्गुलिपिडच्या दोन गटांत ते ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. गुग्गुलिपिड घेणाऱ्या सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले.

मर्यादा कोणत्या?

ही विसंगती समजून घेणे महत्त्वाचे आहे. पहिली गोष्ट, उंदराच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मुख्यत्वे एचडीएलमधून वाहते, मनुष्यात एलडीएलमधून. दुसरी, नॉकआऊट उंदीर ‘मार्ग कोणता’ एवढेच सांगतो. ‘रुग्णास गुण येईल का’ हे सांगत नाही. तिसरी, एकच द्रव्य अनेक ग्राहकांवर कार्य करते. गुग्गुलस्टेरोन पीएक्सआर या दुसऱ्या ग्राहकासही चेतविते व त्यामुळे औषधांचे विघटन करणारी यकृतातील प्रथिने वाढतात, असे पुढे आढळले. चौथी, जन्मापासून जनुक नसलेले शरीर त्या उणिवेशी जुळवून घेते, तर काही जनुके काढली असता गर्भच जगत नाही. त्यासाठी विशिष्ट अवयवात वा विशिष्ट वेळीच जनुक निकामी करण्याची तंत्रे आता वापरतात.

आपल्या बाजूनेही एक भेद लक्षात ठेवावा. वरील प्रयोग शुद्ध गुग्गुलस्टेरोनवर, तर चाचण्या प्रमाणित अर्कावर झाल्या. त्रिफळा क्वाथात शोधन केलेला गुग्गुळ, त्याचे योग, प्रकृती पाहून दिलेली मात्रा आणि पथ्य यांची परीक्षा त्यांत झालेली नाही. म्हणून अमेरिकेतील चाचणीने योगराज वा मेदोहर गुग्गुळ खोटा ठरत नाही; तसेच उंदरांवरील प्रयोगाने तो खराही ठरत नाही.

व्यवसायात उपयोग

माहितीपत्रक हाती आले की चार प्रश्न अवश्य विचारावेत : प्रयोग साध्या उंदरावर की जनुक बदललेल्या? द्रव्य शुद्ध घटक होते, अर्क होता की आपला योग? मात्रा व काल किती? आणि मनुष्यावर चाचणी झाली आहे काय?

औषधी दुकानदारांनी आणखी एक दक्षता घ्यावी. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील अभ्यासात, गुग्गुलिपिड सोबत दिल्यास डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते असे निरोगी स्वयंसेवकांत दिसून आले होते. तेव्हा हृदयविकाराची वा रक्तदाबाची गोळी चालू असलेला ग्राहक स्वतःहून गुग्गुळाच्या गोळ्या मागू लागल्यास त्याला आधी वैद्याकडे पाठवावे. वैद्यांनीही रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची नोंद केल्याखेरीज गुग्गुळकल्प लिहू नये. अंगावर पुरळ उठल्यास औषध त्वरित थांबवावे.

प्रत्यक्ष व अनुमान या दोन्ही प्रमाणांना आपल्या शास्त्रात स्थान आहे. उंदरावरून मनुष्याविषयी काढलेला निष्कर्ष हे अनुमान होय; त्याला प्रत्यक्ष मानून रुग्णास आश्वासन देऊ नये, एवढीच विनंती.