घरातल्या झाडांसाठी ग्रो लाइट घेताय? आधी हे वाचा 🌿

भांडुपमध्ये बऱ्याच घरांची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. त्यात पावसाळ्याचे चार महिने ढगाळ. मग तुळस, पुदिना खुरटतात आणि फांद्या उजेडाकडे लांबत जातात. अशा वेळी ग्रो लाइट कामाला येतो.

🔹 रंग: जांभळाच दिवा हवा असं नाही. झाडं मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. ४००० ते ६५०० केल्विनचा पांढरा 'फुल स्पेक्ट्रम' एलईडी उत्तम, डोळ्यांनाही त्रास नाही.

🔹 आकडे: ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप. झाडासाठी पीपीएफडी (पानांवर पडणाऱ्या, झाडाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचा आकडा) बघा, तोही किती अंतरावरचा ते वाचून. खोक्यावरच्या '१००० वॅट'ला भुलू नका. दिवा प्रत्यक्षात किती वीज घेतो ते तपासा.

🔹 अंतर: छोटा दिवा शेंड्यापासून १५ ते ३० सेंमी वर ठेवा. अंतर दुप्पट केलं की प्रकाश जवळपास चौथाई होतो.

🔹 वेळ: रोज १२ तास. टायमर लावा, झाडांना रात्रीचा अंधारही हवा.

🔹 होल्डर: घरात खटक्याचा होल्डर आणि बल्ब पेचाचा, असं होऊ देऊ नका.

🔹 बिल: २० वॅटचा दिवा रोज १२ तास म्हणजे महिन्याला साधारण ७ युनिट.

मनीप्लांट आणि स्नेक प्लांट कमी उजेडातही तग धरतात, त्यांच्यासाठी खर्च नको. तुळस, पुदिना, मिरचीसाठी मात्र नक्की घ्या. तुमची खिडकी कुठल्या दिशेला आहे? कमेंटमध्ये सांगा.