पाण्याचा पंप बंद पडला, हे कसे ओळखावे?

विमान म्हणजे मोठ्या कारखान्यातच तयार व्हायचे, असे आपल्याला वाटते. पण काही हौशी माणसे घरच्या घरी विमान बांधतात. अमेरिकेत अशा लोकांची संस्था १९५३ साली निघाली. ऑशकॉश या गावी १९७० पासून त्यांचा मेळा भरतो. आपल्या मुंबईतही कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली ते लोकांना दाखवले होते.

अशा पुष्कळ विमानांचे इंजिन वाऱ्याने थंड होते. पण काही जण मोटारगाडीचे इंजिन बसवतात. ते पाण्याने थंड ठेवावे लागते. पंप पाणी फिरवतो. पाणी इंजिनाची उष्णता घेते, रेडिएटरमध्ये जाते, तिथे वाऱ्याने निवते आणि परत इंजिनाकडे येते.

काही विमानांत हा पंप विजेवर चालतो. त्याला इंजिनाचा पट्टा लागत नाही. इंजिन बंद केल्यावरही पाणी फिरवता येते. सोय चांगली आहे. पण वायर निसटली, फ्यूज उडाला किंवा पंपाची मोटर जळाली, की पंप थांबतो. इंजिन मात्र चालूच राहते. त्याच्या आवाजात पंपाचा आवाज कुठला ऐकू येणार? मोटारगाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमान आभाळात कुठे उभे करणार?

तुम्ही म्हणाल, पाणी किती तापले ते दाखवणारा काटा आहे ना? आहे. पण त्या एकट्यावर विसंबू नये. काट्याचे टोक ज्या पाण्यात बुडालेले असते, तेवढ्याच पाण्याची उष्णता तो सांगतो. हे टोक इंजिनापासून दूर, नळीत असले तर काय होते? पंप थांबला, की तापलेले पाणी तिथवर येतच नाही. नळीतले पाणी निवत जाते. तिकडे इंजिनाच्या आत पाण्याची वाफ होत असते आणि काटा सांगतो, सगळे ठीक आहे! पाणी गळून गेले तरी हीच गत. टोक कोरडे पडते आणि काटा खाली येऊ शकतो. म्हणून काटा एकाएकी खाली आला, तरी हुरळून जाऊ नये. संशय घ्यावा.

मग खरे कसे कळावे?

१. पंपाच्या वायरीवर वीज मोजणारा काटा लावावा. पंप चांगला असताना किती वीज घेतो, ते लिहून ठेवावे. काटा शून्यावर आला, तर पंपाची वीज तुटली. नेहमीपेक्षा कमी झाला, तर पंपात पाणी नसेल. फार चढला, तर पंप अडकला असेल.

२. पंपापुढच्या नळीत पाण्याचा दाब मोजावा. दाब पडताच लाल दिवा लागेल, असे करावे.

३. उष्णता मोजणारे टोक इंजिनाच्या डोक्यातच बसवावे. रेडिएटरनंतर दुसरे लावावे. एक काटा चढतो आणि दुसरा उतरतो, म्हणजे पाणी फिरत नाही.

जमिनीवर असताना, इंजिन सुरू करण्याआधी, पंप चालू करून कानाने ऐकावा. दोन पंप असतील, तर दोघांची वायर आणि फ्यूज वेगवेगळे असावेत. प्रत्येकाला उलटे पाणी न सोडणारी झडपही हवी. नाहीतर चालू पंपाचे पाणी बंद पंपातून मागे फिरते.

आणि आभाळात लाल दिवा लागला तर? दुसरा पंप सुरू करावा. इंजिनाचा जोर कमी करावा, म्हणजे ते सावकाश तापेल. जवळची उतरण्याजोगी जागा गाठावी. घरापर्यंत जाऊ, असा हट्ट धरू नये.

विहिरीवर ऑईल इंजिन चालवणारा शहाणा शेतकरी येता-जाता इंजिनातून पडणारी पाण्याची धार पाहतो. धार थांबली, की इंजिन तापण्याची वाट तो पाहत नाही. विमानात ही धार डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिच्या जागी काटे आणि दिवे लावायचे.