छोटे टप्पे, मोठी जोखीम

वर्षअखेरीस एकच परीक्षा घ्यावी, की प्रत्येक धड्यानंतर छोटी चाचणी? छोट्या चाचणीमुळे मुलाचे कोठे अडले ते वेळीच कळते, हा आपला नेहमीचा अनुभव. संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो.

संपूर्ण आज्ञावली लिहून शेवटी तपासण्याऐवजी काही आठवड्यांचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यात थोडे लिहून लगेच तपासायचे, या पद्धतीला २००१ पासून ‘ॲजाइल’ असे नाव मिळाले. पण यानात माणसे बसणार असतील तर ही पद्धत चालेल का?

पद्धत नावापेक्षा जुनी आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलची मुख्य आज्ञावली १९७७ ते १९८० या काळात, ३१ महिन्यांत, १७ टप्प्यांनी तयार झाली. काम चालू असतानाच यानाच्या गरजा बदलत होत्या. सगळे आधी ठरवणे शक्यच नव्हते.

१० एप्रिल १९८१ रोजी शटलचे पहिले उड्डाण होते. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन आत बसले होते. यानातील चार संगणकांवर मुख्य आज्ञावली होती. पाचव्यावर दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे लिहिलेली. उड्डाणाला सुमारे वीस मिनिटे उरली असताना पाचव्याचा इतर चारांशी वेळेचा मेळ बसेना. उड्डाण थांबवावे लागले.

दोष एका जुन्या, किरकोळ वाटणाऱ्या बदलात होता. त्यामुळे संगणक सुरू होताना वेळेचा हिशेब चुकण्याची शक्यता निर्माण झाली होती, ती ६७ पैकी एकदा. म्हणजे दहा वेळा सुरू करून पाहिले, तरी दोष एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ८६ टक्के! (६६/६७ चा दहावा घात विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.) संगणक पुन्हा सुरू केल्यावर मेळ बसला आणि १२ एप्रिलला यान झेपावले.

तेव्हा केवळ टप्पे छोटे केल्याने सुरक्षितता येत नाही. एक बदल केला, की त्याचा न बदललेल्या भागांवर काय परिणाम होतो हेही पुन्हा तपासावे लागते. विमानांच्या आज्ञावलींसाठीचा ‘डीओ-१७८सी’ हा २०११ चा दस्तऐवज कामाची कोणतीही एक पद्धत लादत नाही. मात्र प्रत्येक गरज आज्ञावलीत कोठे उतरली आणि कोणत्या चाचणीने तपासली याचा पुरावा तो मागतो. जिवाशी गाठ असेल तेथे ही तपासणी लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने करावी लागते.

नवा धडा पक्का झाला, तरी मागचा विसरला नाही ना, हे आपणही पाहतोच. येथे ते न पाहण्याची किंमत मात्र फार मोठी असते.