आगोटीत वाढलेलं एक काम

मे सरत आला की कोकणात आगोटीची घाई सुरू होते. कौलं परतायची, फुटकी बदलायची, पडवीला झावळ्यांची झडपं बांधायची, लाकडं आत घ्यायची. कुडाळजवळच्या आमच्या घरात या कामांत आता आणखी एकाची भर पडली आहे: मागच्या स्लॅबवरचे सहा सोलर पॅनल पुसणं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं, तशी वाडीतल्या छपरांवर निळी-काळी काच दिसू लागली. बसवणाऱ्यानं जाताना सांगितलं होतं, "तुमच्याकडे काय, पाऊसच धुऊन काढील."

पाऊस धूळ धुतो, हे खरंच. पण आमच्याकडचा मळ धुळीचा नाही. आंब्याला मोहोर आला की तुडतुडे लागतात, त्यांचा चिकट स्राव खाली ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. कलमाची पानं काळवंडतात ती याचमुळे. झाडाखालच्या काचेवरही तेच होतं. त्यात कावळ्यांची शिट. हे सगळं चार पावसांनी जात नाही. पावसाळ्याआधी ते ओलं करून, भिजू देऊन, मऊ कापडानं उतरवावं लागतं.

खरा शत्रू मात्र पावसाबरोबरच येतो. पॅनलची अ‍ॅल्युमिनियमची चौकट काचेपेक्षा किंचित वर असते. पाणी उतारानं खाली येतं आणि त्या काठाशी अडतं. माती साचते, श्रावण येईपर्यंत तिथं हिरवी शेवाळाची पट्टी तयार होते, दोन बोटं रुंद. दोन बोटांनी काय बिघडणार, असं मलाही वाटलं होतं. पॅनलमधल्या चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली पडली की तिच्या साखळीतला प्रवाह अडतो. असा अडलेला भाग वगळून वीज पुढे जावी म्हणून पॅनलमागे तीन डायोड असतात. पण जुन्या पद्धतीचा पॅनल उभा बसवला असेल, तर खालची शेवाळाची पट्टी तिन्ही साखळ्यांना एकदमच गाठते आणि सगळा पॅनल मंदावतो. तोच आडवा बसवला तर एकच साखळी सापडते. आमचे पॅनल अर्ध्या चकत्यांचे आहेत, म्हणून खालचा अर्धा भाग झोपला तरी वरचा चालतो. विकत घेताना हे कुणी सांगत नाही.

मग झाडं. सावली म्हटली की आपण दक्षिणेकडे बघतो. डिसेंबरात ते बरोबरच असतं: भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पन्नास अंशांवर, त्यामुळे पॅनलहून दहा मीटर उंच झाडाची सावली आठ मीटर लांब पडते. पण आपल्या इथे शून्य सावलीचा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. मधले तीन महिने दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. पावसाळ्यात आधीच उघडीप थोडी. तीही उत्तरेकडच्या फणसाची वर गेलेली फांदी खाऊन टाकते. फणसाची फांदी आम्ही उतरवली. दक्षिणेकडच्या आंब्याचं काय, असं विचारल्यावर काका म्हणाले, "आंबो आज्यान लावललो हा, पॅनल बँकेन." विषय संपला. डिसेंबरात दोन पॅनल दुपारी सावलीत असतात, असू देत.

पुसायची वेळ सकाळची. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, ती तडकू शकते. उलथन्यानं शेवाळ खरवडू नये. आणि पॅनलवर पाय तर अजिबात ठेवू नये. काच शाबूत दिसते, आतल्या चकत्यांना मात्र केसासारख्या भेगा जातात. आधी इन्व्हर्टर बंद करायचा, पण तेवढ्यानं निर्धास्त होऊ नये. सहा पॅनल ओळीनं जोडले की अडीचशे-तीनशे व्होल्ट होतात, आणि ऊन आहे तोवर छपरावरच्या वायरीत ते असतातच. वायर सोललेली दिसली तर कापड खाली ठेवून जाणत्याला बोलवावं.

शेजारी हसतात ते वेगळ्याच कारणानं: आषाढात लाइट गेली की सोलरवाल्याच्या घरीही काळोखच. बॅटरी नसलेला ऑनग्रिड इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्याबरोबर स्वतःही थांबतो. तसा थांबला नाही तर आपली वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे वायरमन खांबावरच असतो, म्हणून याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार होती ती गेल्या जुलैमधल्या सकाळींची. रात्रभर कोसळलं की सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि 'आयसो' असा काहीतरी संदेश. अकरा-बाराला आपोआप सुरू. चार दिवस मी ढगांना दोष दिला. मग फोनवर एका मेकॅनिकनं विचारलं, "कनेक्टर कुठं लोंबतायत का बघा." ओल्या जोडातून थोडी वीज जमिनीत झिरपते, इन्व्हर्टर ती ओळखतो आणि ओल सुकेपर्यंत कामालाच लागत नाही. वाकून पाहिलं, तर पॅनलखाली दोन कनेक्टर स्लॅबवरच्या डबक्यात आडवे पडलेले, वर फणसाचं कुजलेलं पान.

मेकॅनिक येऊन ते दोन्ही जोड बदलून गेला आणि वायरी वरच्या पाइपाला आवळून गेला. दुसऱ्या दिवशी पाऊस तसाच होता. सातच्या आधी दिवा हिरवा.