बॅटरीचा एलईडी बदलताय? गोंदाच्या नावापेक्षा थराची जाडी पाहा

अमरावती/अकोला : हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी रात्रीची वीज आली की वऱ्हाडातला शेतकरी हातात बॅटरी घेऊन बांधावर जातो. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली असली, तरी रात्रीची फेरी आणि रानडुकरांसाठीची जागल सुटलेली नाही. मण्यारसारखा विषारी साप तर रात्रीच फिरतो. त्यामुळे अनेक जण जुन्या बॅटरीत जास्त वॅटचा एलईडी बसवून घेतात. पण काही दिवसांतच तो मंद होतो किंवा ऐन शेतात बंद पडतो. दोष बऱ्याचदा एलईडीचा नसतो, तर तो चिकटवण्याच्या पद्धतीचा असतो.

एलईडी गरम का होतो?

एलईडीला मिळणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक भागाची उष्णता होते. जुन्या बल्बची उष्णता प्रकाशासोबत बरीचशी पुढे जायची. एलईडीची मात्र मागच्या बाजूने, म्हणजे तळातून बाहेर पडते. तळाची चकती आणि बॅटरीचे धातूचे डोके यांच्यामधला गोंद हाच तिचा रस्ता असतो.

कोणता गोंद चालतो?

* थर्मल इपॉक्सी : दोन नळ्यांचा, पक्का बसतो. नंतर एलईडी काढणे कठीण.
* थर्मल सिलिकॉन गोंद : एका नळीतला, किंचित लवचिक. हादरे सोसतो.
* थर्मल पेस्ट : ही चिकटत नाही. चकती स्क्रूने आवळता येत असेल, तर हाच उत्तम पर्याय, दुरुस्तीही सोपी.
* झटपट चिकटणारा गोंद : टाळा. तो ठिसूळ असतो आणि त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते.
* व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन : टाळा. तांब्याला गंज चढतो.

खरा फरक जाडीचा

उष्णता वाहण्याची क्षमता साध्या इपॉक्सीची सुमारे ०.२, बऱ्याच थर्मल गोंदांची १ किंवा जास्त, तर ॲल्युमिनिअमची सुमारे २०० असते (वॅट प्रति मीटर-केल्विन). आता १० वॅटचा एलईडी २० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर आहे आणि त्यातून ७ वॅट उष्णता निघते, असे धरू. फक्त गोंदाच्या थरामुळे वाढणारे तापमान असे :

* साधा इपॉक्सी, १ मिमी थर : सुमारे ११० अंश
* थर्मल गोंद, १ मिमी थर : सुमारे २२ अंश
* साधा इपॉक्सी, ०.१ मिमी थर : सुमारे ११ अंश
* थर्मल गोंद, ०.१ मिमी थर : सुमारे २ अंश

म्हणजे महागडा गोंद जाड थापला, तर तो पातळ लावलेल्या साध्या गोंदापेक्षाही वाईट ठरतो.

बसवायचा कसा?

१. दोन्ही पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने सपाट करा, स्पिरिटने पुसा.
२. मध्यभागी गोंदाचा छोटा थेंब ठेवा. चकती थोडी फिरवत दाबा, म्हणजे हवा निघून जाईल. हवा गोंदापेक्षाही वाईट वाहक आहे.
३. वजन ठेवून पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ वाळू द्या. घाई करू नका.
४. चांदी मिसळलेल्या गोंदातून वीज वाहू शकते. तो तारांच्या टाक्यांपर्यंत जाऊ देऊ नका.

बॅटरीचे डोके प्लास्टिकचे असेल, तर कोणताही गोंद उपयोगाचा नाही. आधी आत ॲल्युमिनिअमचा जाड तुकडा बसवा आणि कमी वॅटचा एलईडी निवडा.

तपासायचे कसे?

शेतात नेण्याआधी घरीच १०-१५ मिनिटे सलग लावून ठेवा. धातूचे डोके हाताला गरम लागले, तर घाबरू नका. उष्णता बाहेर येते आहे. प्रखर एलईडी जळतो आहे आणि डोके थंडगार आहे, तर मात्र लगेच बंद करा. ती उष्णता आतच अडकली आहे, आणि अशी बॅटरी रात्री बांधावर दगा देऊ शकते.