दंड, दरारा आणि विश्वास

राज्य कशासाठी असते, या प्रश्नाला आपल्या जुन्या शास्त्रकारांनी दिलेले उत्तर एकाच शब्दाचे आहे. तो शब्द म्हणजे रक्षण. प्रजा कर देते तो रक्षणाचे वेतन म्हणून, अशी त्यांची विचारसरणी होती. याज्ञवल्क्याने तर चोरांनी नेलेले द्रव्य राजाने प्रजाजनास भरून द्यावे, असा दंडक घातला. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण 'कण्टकशोधन' या नावाचे आहे. समाजाच्या अंगात रुतलेले काटे शोधून काढणे, हा त्याचा विषय. परंतु या काट्यांत कौटिल्य केवळ चोर-दरवडेखोर धरीत नाही. फसवे कारागीर व व्यापारी धरतो, आणि राजाचे अधिकारीही धरतो. दंडाविषयी त्याचा निर्वाळा असा की, अति कठोर दंडाने लोक उद्विग्न होतात, अति सौम्य दंडाला लोक जुमानीत नाहीत, आणि यथायोग्य दंड देणाराच आदरास पात्र होतो.

आज राजा राहिला नाही. राज्य प्रजेचे झाले. तथापि दंड धारण करणारा शिपाई राहिलाच. तेव्हा ज्याच्या हाती दंड आहे त्याने ज्यांच्यावर तो उगारावयाचा त्यांचेच सेवक असावे, हे लोकशाहीतील पोलिसांपुढचे मोठे कोडे आहे. पोलिसांचा दरारा पूर्वीसारखा राहिला नाही, म्हणून गुन्हे वाढले, असे उद्गार आपल्या घराघरांतून ऐकू येतात. दरारा आणि सुव्यवस्था या दोन वस्तू एकच आहेत काय, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. आणि त्यासाठी आमच्या सोलापूरएवढे बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

जुन्या गावगाड्यात राखणीचे काम रामोशी, जागल्या यांजकडे असे. चोरी झाली की पावलांचा माग काढीत जावयाचे, आणि माग ज्या गावच्या शिवेत शिरे त्या गावाने तो पुढे काढून द्यावयाचा, नाही तर भरपाई करावयाची, अशी रीत होती. ही पद्धत निर्दोष होती असे नव्हे. परंतु राखणदार गावाच्या ओळखीचा होता. पुढे इंग्रजी अंमल आला. १८७१ साली सरकारने एक कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि १९११ च्या कायद्याने तो जाच मुंबई इलाख्यातही आला. ज्या रामोशांच्या भरवशावर गावे निर्धास्त झोपत, त्या जमातीवरही संशयाचा शिक्का बसला. आज तिचे नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आढळते, ते याच इतिहासामुळे.

या कायद्याखालील एक मोठी वसाहत सोलापुरात होती. कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांग-गारुडी इत्यादी लोकांस तारेच्या कुंपणात ठेवलेले असे. त्यांची हजेरी घेतली जाई, परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. दिवसा यांतीलच पुष्कळ माणसे येथील कापडाच्या गिरण्यांत घाम गाळीत आणि काम संपताच पुन्हा कुंपणात परतत. ज्या बालकाने अद्याप कोणाच्या बागेतील पेरूही तोडला नाही, ते गुन्हेगार म्हणूनच जन्मास येई. येथे दरारा पूर्ण होता. दंडनीतीचा पाया मात्र उखडला होता. कारण दंड कर्मास असतो, जन्मास नव्हे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि हे लोक 'विमुक्त' झाले. शहरातील त्या भागास लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. तारा गेल्या, नाव राहिले. आणि नावाबरोबर संशयही पुष्कळ अंशी राहिला.

दुसरे प्रकरण १९३० चे. त्या वर्षी ५ मे रोजी गांधीजींस अटक झाली आणि सोलापुरात क्षोभ उसळला. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. खवळलेल्या जमावाने पोलिसचौकी व न्यायालय पेटविले. त्यात पोलिस शिपाईही प्राणांस मुकले. तेही पोटासाठी चाकरी करणारेच होते, हे विसरणे योग्य नव्हे. त्यानंतर सरकारी सत्ता शहरातून मागे हटली, आणि ९ ते ११ मे या तीन दिवसांत शहराची रहदारी व शांतता काँग्रेसच्या निःशस्त्र स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला, तो जूनअखेरपर्यंत चालला. राष्ट्रध्वज हाती धरणे हाही त्या काळात अपराध ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांस पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. या सर्व प्रकरणातून आम्ही एवढाच बोध घेतो की, ज्यांच्यावर लोकांचा विश्वास होता त्यांनी काठीवाचून व्यवस्था राखली, आणि ज्यांच्यापाशी बंदुका होत्या त्यांस ती राखण्यास लष्कर आणावे लागले.

स्वराज्य आल्यावर पोलिसांचा गणवेश नवा झाला, पण सांगाडा बराचसा जुनाच राहिला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जी पोलिसव्यवस्था उभारली तिचा हेतू प्रजेस धाकात ठेवणे हा होता. १९५१ साली आपल्या प्रांतास नवा पोलिस कायदा मिळाला. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलिस आयोग बसला व त्याने सविस्तर अहवाल दिले. ते अहवाल दीर्घकाळ कपाटात पडून राहिले. अखेरीस प्रकाश सिंग या निवृत्त पोलिस अधिकाऱ्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला: अधिकाऱ्यांस निदान दोन वर्षे एका जागी राहू द्यावे, तपासाचे काम बंदोबस्ताहून वेगळे करावे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, इत्यादी. महाराष्ट्राने २०१४ साली त्यास अनुसरून कायद्यात दुरुस्ती केली. मात्र कागदावरची सुधारणा चौकीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. देशभर मंजूर पदांपैकी लाखो पदे रिकामी असतात. आषाढीस पंढरपुरात लक्षावधी वारकरी जमतात, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, मधून मधून निवडणुका, मोर्चे आणि मंत्र्यांचे दौरे असतात. आणि या सर्वांसाठी उन्हातान्हात उभा राहणारा शिपाई तोच, ज्याने तुमच्या घरच्या चोरीचा तपास करावयाचा. सणावारी आपण पुरणपोळी खातो तेव्हा तो चौकात उभा असतो. मग तपास रेंगाळला तर नवल कोणते?

आता गुन्ह्यांच्या आकड्यांकडे वळू. १९८६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय गुन्हे नोंद संस्था दरवर्षी देशाचा हिशेब प्रसिद्ध करते. तिच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, तर २०२३ साली ६२,४१,५६९. हे वाचून कोणीही म्हणेल की काळ बिघडला. पण त्याच दोन वर्षांत खुनांची संख्या २८,५२२ वरून २७,७२१ वर उतरली, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

शिक्षकाच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे आम्हांस येथे शाळेतला एक दाखला सुचतो. दोन वर्ग आहेत. एका वर्गातून महिनाभरात एकही तक्रार येत नाही, दुसऱ्यातून वीस येतात. पहिला वर्ग शहाणा, असे नवखा मुख्याध्यापक समजेल. अनुभवी मनुष्य मात्र आधी हे पाहील की, पहिल्या वर्गात मास्तरांच्या छडीच्या भयाने मुले तोंड मिटून तर बसली नाहीत ना. आकडा हा घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो, नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. ज्या राज्यात स्त्रिया निर्भयपणे चौकीवर जातात तेथे आकडा वाढतो. जेथे फिर्यादीला दारातूनच परतवितात तेथे तो उतरतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे ठरविले. वाढलेला आकडा पाहून पोलिस अधिकाऱ्यास दूषणे देण्यापूर्वी वाचकांनी हा विवेक करावा.

तथापि एका जातीच्या गुन्ह्यांची वाढ खरीच चिंताजनक आहे, आणि ती आपल्यासारख्या सुशिक्षित घरांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली आहे. संगणक व मोबाईलच्या साहाय्याने होणाऱ्या, म्हणजे सायबर गुन्ह्यांची नोंद २०२२ साली ६५,८९३ होती, ती २०२३ साली ८६,४२० झाली. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक गुन्हे फसवणुकीचे. अलीकडे 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार माजला आहे. मोबाईलवर चित्रासह दूरध्वनी येतो. पलीकडे गणवेशातील मनुष्य बसलेला. तुमच्या नावे आलेल्या पुडक्यात अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे तो दरडावून सांगतो. खोलीतून हलू नका, घरच्यांस सांगू नका, म्हणतो. आणि अटक टाळावयाची तर अमुक रक्कम अमुक खात्यात भरा, असे फर्मावितो. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, सरकारी अधिकारी अशी माणसे जन्माची पुंजी यात गमावून बसली आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी स्वतः पंतप्रधानांना नभोवाणीवरून देशाला सावध करावे लागले.

एवढी शिकलीसवरलेली माणसे फसतात ती अज्ञानाने नव्हे, भयाने. कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची वस्तूच नाही. अटक केलेल्या मनुष्यास चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे, असे आपली राज्यघटनाच सांगते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे साक्षीदार म्हणून स्त्रियांस, आजाऱ्यांस व साठीपुढील पुरुषांस जबाबासाठी चौकीवर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जावयाचे असते. हे ज्यास ठाऊक आहे त्यास पडद्यावरचा तोतया कसा भिववील? पण आपण लेकरू जेवत नाही म्हणून 'पोलिसाला बोलावीन हं!' असा बागुलबुवा उभा करतो. तेच लेकरू साठीला पोहोचले तरी गणवेश पाहून त्याच्या छातीत धडकी भरते. ज्या दराऱ्याची आपण आठवण काढतो, त्याच दराऱ्याचे भांडवल करून चोर आपली घरे लुटीत आहेत.

उलट, विश्वासाने काय साधते त्याचेही उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. सोलापूरजवळील मुळेगाव तांडा आणि अशी अनेक ठिकाणे हातभट्टीच्या दारूसाठी कुप्रसिद्ध होती. पोलिसांनी छापे घालावेत, रसायन ओतून द्यावे, खटले भरावेत, आणि भट्ट्या पुन्हा पेटाव्यात, असे चक्र वर्षानुवर्षे चालले होते. २०२१ साली सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलिस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. एकेका अधिकाऱ्याकडे एकेक गाव सोपविण्यात आले. छापे चालूच राहिले. परंतु त्याबरोबर अधिकाऱ्याने वारंवार त्या वस्तीत जावयाचे, लोकांशी बोलावयाचे, भट्टी सोडली तर पोट कशावर भरणार याचा त्यांच्याबरोबर विचार करावयाचा, असे ठरले. शिवणकामासारखे धंदे शिकविण्यात आले, आणि अनेक कुटुंबांनी भट्टी सोडली. असे काम एका अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर संपू नये, यासाठीच तर वर सांगितलेली मुदतीची सुधारणा हवी. येथे दंड सुटला नाही. दंडाच्या जोडीला ओळख आली. एके काळी याच शहरात तारेचे कुंपण घालून जे साधले नाही, ते दारात जाऊन बसल्याने साधू लागले.

तेव्हा लोकशाहीत पोलिस सुधारणे हे काम जितके सरकारचे तितकेच गृहस्थाचेही आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण परक्या राज्यात शहाणपणाची असेल. स्वराज्यात ती पळपुटेपणाची आहे. डोळ्यांदेखत घडलेल्या गुन्ह्याची साक्ष देण्यास सुशिक्षित मनुष्यच मागे सरला, तर गुन्हेगार सुटतो आणि खापर शिपायाच्या माथी फुटते. चोरी झाली तर फिर्याद द्यावी व तिची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. आपले काम लवकर व्हावे म्हणून चौकीत कोणाचा हात ओला करू नये. आणि घरात काही हरवले की प्रथम धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे किंवा पालातल्या माणसांकडे बोट दाखविण्याची जी खोड आपल्यास आहे, ती निर्धाराने सोडावी. सेटलमेंटची तार सरकारने काढली. मनातली तार ज्याची त्याने काढावयाची आहे.

आणखी एक सूचना करून हा लेख आटोपतो. तोतयाची पहिली अट 'घरात कोणास सांगू नका' ही असते, कारण चार माणसांत बोललेल्या गोष्टीत फसवणूक टिकत नाही. म्हणून असा दूरध्वनी आलाच, तर तो बंद करून आधी मुलास, सुनेस किंवा नातवास हाक मारावी. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प न बसता तत्काळ सरकारच्या मदतक्रमांकावर कळवावे. जितका विलंब कमी, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याचा संभव अधिक. तो क्रमांक १९३० आहे. सोलापूरकरांस तो निराळा पाठ करावा लागणार नाही.